गोंदण कुणाचं?

दहा-बारा वर्षांपूर्वी मी एका टॅटूच्या दुकानात शिरले होते, ते अगदी ठरवून. हातात झेरॉक्सचा कागद होता. त्यावर किलर व्हेल, पाठीवर उंच उभा पर, आणि ओठ मिटल्यासारखी कुठे जाड, कुठे बारीक होत जाणारी काळी रेषा. चित्र कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हायडा लोकांचं. दुकानातल्या मुलाने कागद पाहिला आणि आपली फाइल उघडून दाखवली. ‘ट्रायबल’ या मथळ्याखाली, काटेरी वेली आणि कवट्यांच्या मधोमध तसाच व्हेल होता. ‘मॅडम, हे खूप चालतं,’ तो म्हणाला. मी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि बाहेर पडले. तेव्हा वाटलं, आपल्या आवडीचं चित्र बाजारात पाहून आपला विरस झाला. खरं कारण कळायला पुढे बरंच वाचावं लागलं.

हायडांचा मुलूख म्हणजे ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यापासून दूर असलेला हायडा ग्वाय हा द्वीपसमूह. इंग्रजांनी त्याला क्वीन शार्लट बेटं म्हटलं; २०१० मध्ये ते नाव अधिकृतपणे मागे घेतलं गेलं. या समाजाच्या दोन शाखा आहेत, डोमकावळा आणि गरुड. माणूस आईच्या शाखेत जन्मतो, लग्न दुसऱ्या शाखेत करतो. प्रत्येक शाखेत अनेक घराणी, आणि प्रत्येक घराण्याची आपापली चिन्हं. किलर व्हेल डोमकावळ्याच्या बाजूचा, बीव्हर गरुडाच्या बाजूचा. ही चिन्हं घरापुढच्या खांबांवर कोरली जात, पेटाऱ्यांवर रंगवली जात आणि अंगावर गोंदली जात.

माझ्या आजीच्या हातावर तुळशीवृंदावन होतं आणि विंचू होता. गोंदणारीण दारावर आली की जी नक्षी तिला येई, त्यातली कुणीही कुठलीही घ्यावी. हायडांचं तसं नव्हतं. घर उभारल्यावर यजमान मोठा समारंभ करत. त्याला आज आपण पॉटलॅच म्हणतो. त्यात मुलांच्या छातीवर, दंडांवर, पायांवर घराण्याची चिन्हं गोंदली जात. जमलेले पाहुणे नुसते जेवायला आलेले नसत. ते साक्षीदार असत, आणि साक्षीबद्दल त्यांना भेटी मिळत. हे चिन्ह या मुलीचं, हे सगळ्यांदेखत ठरे. लिपी नसलेल्या समाजात ते गोंदण म्हणजे एक प्रकारचा दस्तऐवजच होता.

मग हा दस्तऐवज पुसला कसा गेला? १८६२ च्या वसंतात सॅन फ्रान्सिस्कोहून आलेल्या जहाजातून व्हिक्टोरिया शहरात देवी पोचल्या. शहराबाहेर तळ देऊन राहिलेल्या उत्तरेकडच्या लोकांना अधिकाऱ्यांनी हुसकून लावलं. ते आपल्या होड्यांतून घरी परतले आणि त्यांच्याबरोबर रोगही किनाऱ्याभर गेला. हजारोंच्या घरातला हायडा समाज विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सहाशेच्या आसपास उरला. १८७६ मध्ये मिशनरी येऊन राहिले. १८८४ मध्ये कॅनडाच्या संसदेने पॉटलॅचवर बंदी घालणारा कायदा केला आणि ती बंदी १९५१ पर्यंत राहिली. समारंभ नाही म्हणजे साक्षीदार नाहीत. साक्षीदार नाहीत तर गोंदणाला अर्थ नाही. अंगावर गोंदण असलेली पिढी एकेक करून गेली.

नेमक्या याच काळात ही चित्रं पुस्तकांत शिरली. जेम्स स्वॉन नावाचा एक अमेरिकन पोर्ट टाउनसेंड या बंदरात राहत असे. १८७३ मध्ये तिथे होड्यांनी आलेल्या हायडांच्या अंगावरची गोंदणं त्याने उतरवून घेतली. १८७४ मध्ये स्मिथसोनियन संस्थेने त्याचा निबंध छापला. १९०० मध्ये जॉन स्वॉन्टन हा तरुण भाषाभ्यासक बेटांवर गेला. त्याच्या १९०५ च्या ग्रंथात हायडा कलावंतांनी स्वतः काढलेली गोंदणांची चित्रं आहेत. कातडीवरून उतरून चित्र कागदावर आलं, आणि म्हणून वाचलं.

वाचलं हे खरंच. बिल रीडचं उदाहरण घ्या. जन्म १९२० चा, आई स्किडगेटच्या हायडा घराण्यातली, वडील गोरे. आईने आपलं हायडापण मुलांपुढे फारसं काढलं नाही. रीड रेडिओवर निवेदक झाला, सोनारकाम शिकला, आणि संग्रहालयातल्या वस्तू व जुन्या ग्रंथांतली चित्रं समोर ठेवून, नकला करत करत आपल्याच पूर्वजांची कला शिकला. त्याचे आजोबा थोर कारागीर चार्ल्स एडनशॉ यांच्याकडे शिकलेले होते, तरी नातवाला वाट सापडली ती संग्रहालयातून आणि पुस्तकांतून. १९६५ मध्ये बिल होम या अमेरिकन अभ्यासकाने या कलेचं व्याकरण मांडलं. चित्रभर न तुटता वाहणाऱ्या मुख्य रेषेला त्याने ‘फॉर्मलाइन’ म्हटलं, आणि डोळ्यांच्या, सांध्यांच्या जागी येणाऱ्या गोलसर चौकोनाला ‘ओव्हॉइड’. पुढे अनेक तरुण मूलवासी कलावंतांनी हे पुस्तक वापरलं. १९६९ मध्ये एडनशॉ यांचे पणतू रॉबर्ट डेव्हिडसन यांनी मॅसेट गावात खांब उभारला. जवळजवळ नव्वद वर्षांत तिथे खांब उभा राहिला नव्हता.

होमचं पुस्तक मला एम.ए.ला असताना ग्रंथालयात भेटलं. माझा झेरॉक्स त्याच ओढीतून आलेला. पण पुस्तकाने चित्र वाचवताना एक गोष्ट मागे ठेवली होती. पानावर व्हेल आला, त्याचे साक्षीदार आले नाहीत. पानावरचा व्हेल कुणाचाच नसतो, म्हणून कुणाचाही होऊ शकतो. त्या दुकानातल्या फाइलमध्ये तो याच वाटेने पोचला होता, आणि माझ्या पर्समध्येही. माझी आवड त्या मुलाच्या फाइलपेक्षा जास्त शिकलेली होती, एवढाच फरक.

गोंदण आता परत आलं आहे. व्हँकुव्हरच्या बिल रीड गॅलरीत २०१८ मध्ये वायव्य किनाऱ्यावरच्या गोंदणकलेच्या पुनरुज्जीवनाचं प्रदर्शन झालं. त्यात कोरी बुलपिट हा हायडा कलावंत होता, तोही एडनशॉ यांच्याच वंशातला. जुन्या ग्रंथांतली चित्रं आता पुन्हा हायडांच्या अंगावर जात आहेत. पण ज्याच्या अंगावर जायचं, त्याची आई कोण, घराणं कोणतं, हे आधी विचारलं जातं.

व्हेलचा प्रश्न माझ्यापुरता सुटला. माझा दंड कोरा आहे. खरी अडचण टेबलाच्या खणात आहे.

स्वॉन्टनने बेटांवर घान्डल नावाच्या अंध कथाकाराकडून कथा ऐकून शब्दशः उतरवल्या. रॉबर्ट ब्रिंगहर्स्ट या कवीने शंभर वर्षांनी त्यांची इंग्रजी काव्यरूपं केली. त्यातली एक कथा मी मराठीत आणली आहे. एक तरुण तळ्यात न्हाणाऱ्या दोन स्त्रिया पाहतो. त्यांची हंसिणीची कातडी काठावर ठेवलेली असतात. तो त्यांवर जाऊन बसतो. कातडं त्याच्या ताब्यात, म्हणून धाकटी त्याच्याबरोबर जाते. एके दिवशी अपमान होतो आणि ती उडून जाते. शतपथ ब्राह्मणात उर्वशी आणि तिच्या सख्या पाणपक्षी होऊन तळ्यात पोहतात. पुरूरव्याला ती तिथे पुन्हा दिसते. तौलनिक साहित्य शिकलेल्या बाईला या दोन तळ्यांचा मोह न पडला तरच नवल.

पण ब्रिंगहर्स्टच्या कामावर काही हायडांनी आक्षेप घेतला होता. आम्हाला न विचारता हे झालं, असं त्यांचं म्हणणं होतं. काहींनी त्याची बाजूही घेतली. मला दोन्ही म्हणणी समजतात. भाषांतर म्हणजे गोंदण नव्हे. स्वॉन्टनने प्रत्येक कथेवर सांगणाऱ्याचं नाव घातलं होतं, मीही घान्डलचं नाव आधी घालीन, माझं नंतर. टॅटूच्या फाइलमध्ये कुणाचंच नाव नव्हतं. तरीही नाव घालणं वेगळं आणि विचारणं वेगळं. कथेतल्या तरुणानेही कातडं आधी घेतलं होतं, बोलणं नंतर केलं.

वीस वर्षं मी भाषांतरं करते आहे. परवानगी म्हणजे प्रकाशकाची सही, एवढंच मी धरून चालले होते. या वर्षी पहिल्यांदा मी प्रकाशकाला सोडून बेटांवर पत्र पाठवलं. मी कोण, माझी भाषा कोणती, ती किती लोक बोलतात, आणि ही कथा मला का सांगायची आहे, हे लिहिलं. शेवटचं कलम लिहायला सगळ्यात जास्त दिवस लागले. उत्तर अजून आलेलं नाही. कथा खणातच आहे, म्हणून इथे तिची एकही ओळ दिलेली नाही.