तांबडी रक्तपेशी

रक्ताला लाल रंग देणारी आणि फुप्फुसांतला ऑक्सिजन शरीरभर पोचवणारी पेशी. मानवी शरीरात संख्येने हीच सर्वाधिक. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये साधारण ४० ते ५५ लाख. पटल, पेशीद्रव्य आणि केंद्रक ही पेशीची शाळेत शिकवली जाणारी ओळख मात्र हिला पुरती लागू पडत नाही, कारण हिला केंद्रकच नसते.

अस्थिमज्जेत घडत असताना ते असते. पेशी पक्व होऊ लागली की ते बाहेर टाकले जाते व भक्षक पेशी ते गिळतात. पुढे तंतुकणिका आणि रायबोसोमही नाहीसे होतात. आतली बहुतेक जागा हिमोग्लोबिनची : एका पेशीत सुमारे २७ कोटी रेणू, प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू आणि दर अणूमागे ऑक्सिजनचा एक रेणू. तंतुकणिका नसल्यामुळे यातला ऑक्सिजन पेशी स्वतःसाठी खर्च करत नाही. आपल्यापुरती ऊर्जा ती ऑक्सिजनविना ग्लुकोजचे विघटन करून मिळवते. पक्षी, बेडूक, मासे यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक टिकून असते आणि त्यांचेही काही अडत नाही, हे येथे नोंदवायला हवे.

आकार दोन्ही बाजूंनी खोलगट, भोक पाडायचे राहून गेलेल्या मेदूवड्यासारखा. व्यास ७ ते ८ मायक्रोमीटर. केशवाहिन्या अनेकदा याहून अरुंद. पटलाखाली स्पेक्ट्रिन या प्रथिनाची लवचीक जाळी असल्याने पेशी दुमडून पलीकडे जाते व पुन्हा पूर्ववत होते. रक्तगट ठरवणाऱ्या खुणा पटलाच्या बाहेरच्या अंगाला असतात. त्यांतली एच ही मूळ खूणच नसलेला अतिदुर्मीळ गट डॉ. य. म. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत शोधला; तो ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणूनच ओळखला जातो.

केंद्रक नसल्याने विभाजन नाही, नवी प्रथिने नाहीत, झीज भरून निघत नाही. आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. जुन्या पेशी मुख्यतः प्लीहा व यकृतात मोडल्या जातात. लोह पुन्हा मज्जेकडे जाते, उरलेल्या रंगद्रव्याचे बिलिरुबिन होते. तेच रक्तात साठले की कावीळ दिसते. भरपाईसाठी मज्जा दर सेकंदाला सुमारे २० लाख पेशी तयार करते. त्यासाठीचे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मूत्रपिंडात बनते, म्हणून मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात रक्तक्षय होतो.

रचना किंचित बिघडली तरी काम किती कोलमडते, हे सिकलसेल आजारात दिसते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. ऑक्सिजन सुटताच असे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकून ताठर बनते. ती केशवाहिन्यांत अडकते, तीव्र वेदना होतात आणि दोन-तीन आठवड्यांतच ती नष्ट होते. महाराष्ट्रात गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांत हा आजार विशेष आढळतो. तो आनुवंशिक आहे : आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकाला बहुधा काहीच त्रास होत नसल्याने लग्नापूर्वी दोघांनी रक्त तपासून घेणे इष्ट.