चिखलदऱ्याची कॉफी

सांताक्रूझच्या उडपी हॉटेलांतली फिल्टर कॉफी पीत मी वाढले. ही कॉफी आपल्या विदर्भातही पिकते हे कळल्यावर राहवेना. रात्रीच्या अमरावती एक्स्प्रेसने निघाले आणि परतवाड्यावरून घाट चढून चिखलदरा गाठले.

१८२३ मध्ये हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सनने हे ठिकाण शोधले, असे सांगतात. त्याला हे श्रेय देणे मला पटत नाही. कोरकू आणि गवळी तिथे आधीपासूनच होते. कॉफी मात्र इंग्रजांनीच आणली. सुमारे ११०० मीटर उंची, थंड हवा आणि मोठ्या झाडांची सावली तिला मानवली.

एकाच फांदीवर हिरवी आणि लाल फळे असतात, म्हणून पिकलेली तेवढी हाताने वेचायची. ओल्या पद्धतीत साल काढून बीवरचा चिकट गर आंबवतात, धुतात, मग बी उन्हात वाळवतात. टरफल काढलेली बी हिरवट असते. तिला कॉफीचा वास मुळीच नसतो. तो भाजल्यावरच येतो.

चिखलदऱ्याला जाल तेव्हा गाविलगड पाहाच, पण कॉफीच्या झाडांपाशीही थांबा आणि येताना तिथलीच पूड विकत घ्या.