वक्रपृष्ठांचे पॅनलीकरण

छत, घुमट किंवा दर्शनी भिंत यांच्या वक्र पृष्ठाची कारखान्यात बनतील आणि जागेवर बसतील अशा तुकड्यांत केलेली विभागणी. घुमट बांधणारे गवंडी हे काम शतकानुशतके करत आले. एक माप बदलले की बाकीची आपोआप बदलणाऱ्या पॅरामेट्रिक सॉफ्टवेअरमुळे प्रत्येक तुकडा वेगळा असला तरी त्याचा हिशेब ठेवणे शक्य झाले.

मूळ अडचण अशी की बाजारातला माल सपाट येतो. डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्यावर काय किंवा ठाण्याच्या मानपाड्यात काय, दुकानाचा दर्शनी भाग सजवायचा तर बहुधा चार बाय आठ फुटी ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनलची (एसीपी) शीट आणली जाते. कारागीर मागून राउटरने ग्रूव्ह मारतो, समोरचा ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा शाबूत ठेवून कडा दुमडतो, तयार झालेला ट्रे फ्रेमवर स्क्रूने पक्का करतो आणि सांध्यात सिलिकॉन भरतो. गोल खांबालाही हीच शीट वाकवून चालते, कारण वाक एकाच दिशेचा असतो. दोन्ही दिशांनी फुगलेले पृष्ठ मात्र दाद देत नाही. भोपळ्याला वर्तमानपत्र गुंडाळले की चुण्या पडणारच. असे पृष्ठ ताणल्याशिवाय सपाट होत नाही, हे गणितज्ञ गाउसने १८२७ मध्ये दाखवले.

त्रिकोण कधीही सपाटच असतो, म्हणून तो सर्वांत सोपा उपाय. पण त्रिकोणी जाळीत एका सांध्यावर साधारण सहा दांड्या येतात, चौकोनी जाळीत चारच. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील ग्रेट कोर्टचे छत (२०००) ३,३१२ त्रिकोणी काचांचे आहे. चौकोन वापरायचे तर चौथा कोपरा उरलेल्या तिघांच्या पातळीपासून किती उचलला जातो, हे प्रत्येक तुकड्यासाठी मोजावे लागते. फरक थोडा असेल तर पॅनल दाबून बसवता येते; जास्त असेल तर साचा करावा लागतो आणि खर्च तिथेच चढतो.

ही मोजणी आज बहुतेक ठिकाणी ऱ्हायनो हे त्रिमितीय रेखाटनाचे सॉफ्टवेअर आणि त्यावर चालणारे ग्रासहॉपर यांत होते. डेव्हिड रुटन यांनी २००७ मध्ये ग्रासहॉपरची पहिली आवृत्ती केली. जाळीचे अंतर बदलले की सगळे तुकडे नव्याने आखले जातात, नंबर पडतात आणि कटिंगची फाइल तयार होते. सॉफ्टवेअर आकार सुचवते असा समज आहे. त्याचे खरे काम कारकुनाचे, आणि ते मोलाचे.

महाराष्ट्रातले ठळक उदाहरण मुंबई विमानतळाचे टर्मिनल २. स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या संस्थेचा आराखडा. उद्घाटन जानेवारी २०१४. सुमारे ७०,००० चौरस मीटरचे छत तीस महास्तंभांवर उभे आहे. स्तंभांतले अंतर एका दिशेला ६४ आणि दुसऱ्या दिशेला ३४ मीटर. स्तंभ वर जाताना छत्रीसारखा फुलतो आणि छतात मिसळतो. या दुहेरी वक्र भागावर खोलगट खणांची जाळी आहे, अधूनमधून रंगीत काचेच्या चकत्या बसवलेल्या. खिडक्यांची पारंपरिक नक्षीदार जाळी आणि मोरपिसे या छताच्या प्रेरणा सगळेच सांगतात. स्तंभांच्या ठरावीक अंतराकडे क्वचितच कुणाचे लक्ष जाते. ते ठरावीक असल्यामुळेच एकदा सोडवलेली भूमिती पुन्हा वापरण्याची सोय होते.

गोराईच्या ग्लोबल विपश्यना पॅगोडाचा (उद्घाटन २००९) घुमट आधारखांबाविना, एकमेकांत अडकणाऱ्या दगडांचा आहे. अक्षाभोवती फिरवलेला आकार असल्याने एका थरातले दगड एकाच मापाने घडवता येतात. मोकळ्या वळणांच्या छतांना ही सवलत नसते.

शेवटी गाठ साइटशी पडते. स्क्रीनवरचा सांधा रेघेसारखा, पण पोलादी सांगाडा काही मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. म्हणून ब्रॅकेटला सरकण्याची सोय आणि सांध्यात फट ठेवतात. काही वर्षांनी एखादे पॅनल फुटले तर त्याच्या मागचा नंबर आणि मूळ फाइल याशिवाय बदली पॅनल बनवणे अवघड जाते. इमारत ताब्यात घेताना मालकाने चाव्यांबरोबर ती फाइलही मागून घ्यावी.