महाराष्ट्रातील टायपिंग क्लासचा इतिहास

टंकलेखन संस्था, म्हणजेच टायपिंग क्लास, ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील शहरांत आणि तालुक्याच्या गावांत रुजलेली शिक्षणाची सोय. पदवी नसलेल्या मुलामुलींना रोज तासभराच्या सरावातून नोकरीच्या दारापर्यंत नेण्याचे काम या संस्थांनी केले. दहावी-बारावीची परीक्षा झाली की सुट्टीत क्लास लावायचा, ही अनेक घरांतली रीत होती. कारकुनाच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्याला हमखास विचारले जाई, ‘टायपिंग झालंय का?’

या शिक्षणाचा पाया अमेरिकेत घातला गेला. ख्रिस्तोफर शोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1868 मध्ये टंकलेखन यंत्राचे पेटंट घेतले आणि रेमिंग्टन कंपनीने 1874 मध्ये ते बाजारात आणले. कळांकडे न पाहता दहाही बोटांनी टंकलेखन करण्याच्या पद्धतीला 1888 मध्ये सिनसिनाटी येथे झालेल्या स्पर्धेमुळे मोठी प्रसिद्धी मिळाली. फ्रँक मॅकगरिन यांनी ती स्पर्धा याच पद्धतीने जिंकली. यंत्र कोणतेही असो, वेग हाताच्या वळणातून येतो, हे त्यातून दिसले.

भारतातील कचेऱ्यांत सुरुवातीला परदेशी यंत्रे असत. 1955 मध्ये गोदरेज अँड बॉइस कंपनीने मुंबईत देशी यंत्राचे उत्पादन सुरू केले. पुढे महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, 1964 आला आणि राज्यकारभाराची भाषा म्हणून मराठीला कायद्याचे बळ मिळाले. शासकीय पत्रव्यवहार मराठीत करायचा, तर मराठी यंत्रे हवीत आणि ती चालवणारी माणसेही हवीत. लिपिक-टंकलेखकासाठी मराठीत मिनिटाला 30 आणि इंग्रजीत 40 शब्दांचा वेग ही अट रूढ झाली. टायपिंग क्लासना वर्षानुवर्षे विद्यार्थी मिळत राहिले, ते मुख्यतः या अटीमुळे.

क्लासची रचना साधी असे. एका खोलीत ओळीने मांडलेली यंत्रे, प्रत्येक तासाला नवी तुकडी, आणि भिंतीवर कळपट्टीचा तक्ता. इंग्रजीचा पहिला धडा ‘ए एस डी एफ जी एफ’ आणि ‘सेमिकोलन एल के जे एच जे’ असा. तो पानेच्या पाने गिरवायचा. करंगळीचा ठोसा तर्जनीइतकाच ठळक उमटेपर्यंत शिकणाऱ्याची सुटका नसे. डोळे मजकुरावर, बोटे कळांवर. ओळ संपत आल्याची घंटी वाजली की डाव्या हाताने कॅरेज परत ढकलायची. अक्षरे, मग शब्द, मग पत्र आणि तक्ता, अशी चढण होती. शेवटी शासकीय परीक्षा आणि वेगाची नोंद असलेले प्रमाणपत्र.

मराठी शिकणाऱ्याला आणखी एक अडचण पार करावी लागे. इंग्रजीच्या 26 अक्षरांसाठी घडलेल्या सांगाड्यात स्वर, व्यंजने, मात्रा आणि जोडाक्षरे बसवायची होती. त्यासाठी काही अक्षरे तुकड्यांत विभागली गेली. अर्धा ख उमटवून पुढे काना दिला की पूर्ण ख तयार होई. ण, ध, भ यांचीही तीच तऱ्हा. पहिली वेलांटी उच्चारात नंतर येत असली, तरी यंत्रावर अक्षराच्या आधी मारावी लागे. मात्रा, उकार आणि अनुस्वार यांच्या कळा कॅरेज पुढे न सरकवताच ठसा उमटवत. त्यामुळे मराठी टंकलेखक शब्द ऐकायचा बोलीच्या क्रमाने आणि बोटांनी रचायचा यंत्राच्या क्रमाने. ही कसरत अंगवळणी पडली, की 30 शब्दांचा वेग हाताशी येई.

या कौशल्याला कचेरीबाहेरही मागणी होती. कोर्टाच्या आवारात छोट्या टेबलावर यंत्र मांडून बसलेले टंकलेखक प्रतिज्ञापत्रे, करारनामे आणि अर्ज तयार करून देत. कागदांमध्ये कार्बन घालून एकाच वेळी अनेक प्रती निघत; खालच्या प्रतीवर अक्षर उमटावे म्हणून ठोसा जोरकस लागे. जास्त प्रती हव्या असल्या, तर मेणाच्या थराच्या स्टेन्सिलवर मजकूर टंकून चक्रमुद्रण यंत्रावर प्रती काढत. खोडायला वाव थोडाच होता. म्हणून हात घालण्याआधी मजकूर नीट वाचणे, समासाचा अंदाज घेणे आणि चूक न करणे या सवयी टंकलेखकाच्या अंगी येत.

संगणक आल्यावर यंत्रांची मागणी घटली. गोदरेजने 2009 मध्ये कार्यालयीन टंकयंत्रांचे उत्पादन थांबवले. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या टंकलेखन परीक्षाही टप्प्याटप्प्याने संगणकावर गेल्या. अनेक संस्थांनी यंत्रे हलवून संगणक मांडले. काही कायमच्या बंद झाल्या. मात्र 30 आणि 40 शब्दांचे मोजमाप संगणकाच्या परीक्षेतही कायम राहिले. मराठी यंत्रांवरची, रेमिंग्टन नावाने ओळखली जाणारी कळपट्टीही संगणकाच्या प्रणालींमध्ये उतरली, कारण ती हजारो हातांना आधीच पाठ होती. टायपिंग क्लासने शिकवलेले कौशल्य अशा रीतीने यंत्र गेल्यावरही टिकून राहिले.