मोटारीच्या पोटातील साखळी

मोटारगाडीच्या इतिहासात कारखानदारांची नावे ठळक अक्षरांनी नोंदली जातात. त्या गाड्या वर्षानुवर्षे चालत्या ठेवणाऱ्या मिस्त्रींची नावे बहुधा अलिखितच राहतात. मुंबईच्या रस्त्यांवर दीर्घकाळ वावरलेल्या फियाट गाडीचा इतिहास मात्र या मिस्त्रींच्या हातावाचून सांगताच येत नाही.

शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि १९४७ मध्ये तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून, केवळ परदेशी भाग जुळविणाऱ्या कारखान्यांना येथे थारा न देण्याचे धोरण ठरले. फोर्ड व जनरल मोटर्स यांनी आपले येथील काम आवरले. प्रीमियरने इटलीतील फियाट कंपनीच्या ११०० या गाडीची कास धरली. तिच्या १०८९ घन सेंटिमीटरच्या इंजिनाचे मूळ १९३७ मध्ये दान्ते जाकोसा यांनी आखलेल्या गाडीत होते. हीच गाडी पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने घरोघरी परिचित झाली.

या इंजिनाच्या पुढील अंगास, लोखंडी झाकणाआड, एक साखळी फिरत असते. तिला टायमिंग चेन म्हणतात. दट्ट्यांच्या हालचालीने क्रँकशाफ्ट फिरतो. झडपांची उघडझाप कॅमशाफ्ट करवितो. या दोहोंचा मेळ घालणे हे साखळीचे काम. कॅमशाफ्टच्या चक्रास दुप्पट दाते असल्यामुळे क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत त्याची एकच फेरी होते. इंजिनाची गती मिनिटास ४००० फेऱ्यांची असेल, तर प्रत्येक झडप मिनिटास २००० वेळा उघडते, आणि तीही नेमक्या क्षणी! अशा कामास पुरे पडणारी रोलरची साखळी हॅन्स रेनोल्ड यांनी मँचेस्टर येथे १८८० मध्ये सिद्ध केली होती.

साखळी एकाएकी तुटते असे सहसा होत नाही, ती झिजते. प्रत्येक कडीतील खिळा केसभर झिजला, तरी साऱ्या कड्यांची झीज मिळून साखळी लांबते. मग झडपा किंचित उशिरा उघडू लागतात, गाडीचा जोर ओसरतो आणि झाकणाआडून खडखड ऐकू येते. जाणता मिस्त्री त्या आवाजावरूनच रोग ओळखतो.

उपाय कष्टाचा असला तरी गूढ नाही. रेडिएटर काढावयाचा, पुली उतरवावयाची, झाकण सोडवावयाचे. पहिला दट्ट्या अगदी वरच्या टोकास आणून दोन्ही चक्रांवरील खुणा जुळवावयाच्या. नवी साखळी झिजलेल्या दात्यांवर चढविणे म्हणजे नव्या जोड्यात जुना खिळा ठेवणे होय; म्हणून चक्रेही बदलणे इष्ट. शेवटी इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून खुणा पुन्हा जुळतात की नाही हे पाहावयाचे. एका दात्याची चूकदेखील सारे श्रम व्यर्थ घालविते.

नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागण्याच्या त्या काळात जुनी गाडी टाकून देणे कोणास परवडणारे नव्हते. कुर्ल्यात बनलेली गाडी वाशीम जिल्ह्यातील केनवडसारख्या गावी बंद पडली, तरी पाने, हातोडी आणि सवयीचा हात एवढ्या सामग्रीवर ती पुन्हा उभी करता येई. स्वदेशी मोटारीचा खरा अर्थ यातच होता. ती येथे बनली एवढ्यानेच ती आपली झाली नाही. येथील माणसाला ती उघडता आली, समजली आणि पुन्हा जुळविता आली, म्हणून ती आपली झाली.

मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. वीस वर्षांची मर्यादा संपताच २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून निवृत्त झाली. हौशी मंडळींनी जतन केलेल्या गाड्या आजही आढळतात. परंतु गाडी जपणे सोपे, तिच्या खडखडीवरून दुखणे ओळखणारा कान जपणे कठीण. ती विद्या उस्तादाकडून शागिर्दाकडे हाताहातांनी चालत आली. मधली एक कडी निखळली, तर तिची नवी साखळी कोणत्याही दुकानी विकत मिळणार नाही.