बडनेऱ्याची गाडी आणि सी मधलं &&

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर.

इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, अमरावती, सी ची व्हायवा. सरांनी कागदावर लिहिलं: अ = 0, ब = 5, आणि खाली अ && ++ब. "आता ब किती?" मी ठोकून दिलं, "सहा." सर म्हणाले, "काहून बे, सहा काहून?" मी गप्प. उत्तर होतं पाच. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' माझ्याकडे होतं, पण मी ते नुसतं पाठ केलं होतं.

मी अकोल्याचा. कॉलेजला परत निघताना दोन प्रश्न असायचे: गाडी बडनेऱ्याला थांबते का, आणि जागा आहे का? थांबतच नसेल, तर जागेचं कोण विचारतो? && अगदी हेच करतं. आधी डावी बाजू बघतं. ती शून्य निघाली, की उजवीकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून ब पाचच राहिला. || चं उलटं: एसटी मिळाली, तर ट्रेनचं टाइमटेबल कशाला उघडायचं? याचा उपयोग मोठा आहे. 'संख्या != 0 && बेरीज / संख्या > 40' असं लिहिलं, की शून्याने भागाकार होतच नाही.

पण मुळात & असताना && आलं कुठून? सी च्या आधी बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांची 'बी' भाषा होती. तिच्यात एकच & दोन कामं करायचा. इफच्या कंसात असला तर 'आणि', एरवी बिटांची क्रिया. हे समजावून सांगणं अवघड जायचं. म्हणून 1972 च्या सुमारास सी घडवताना डेनिस रिची यांनी ॲलन स्नायडर यांच्या सूचनेवरून && आणि || वेगळे केले.

एक गोष्ट मात्र राहून गेली. & चा अग्रक्रम == च्या खालीच ठेवला. बदलला असता तर आधी लिहिलेला कोड मोडला असता. तो कोड किती? काहीशे किलोबाइट, आणि तो चालायचा जेमतेम तीन ठिकाणी! तो बदलायला हवा होता, हे रिचींनी 1982 मध्ये स्वतः मान्य केलं. तोवर सी जगभर पोचली होती. पुढे जावा आणि जावास्क्रिप्टनेही तोच क्रम उचलला. पायथॉन आणि गो यांनी तो सुधारला.

याची किंमत मी पहिल्या नोकरीत मोजली. एक बिट बंद आहे का, हे तपासायला मी लिहिलं: 'फ्लॅग & मास्क == 0'. सी ने आधी 'मास्क == 0' बघितलं. मास्क शून्य नव्हता, म्हणून उत्तर शून्य; मग फ्लॅग & शून्य, म्हणजे पुन्हा शून्य. अट कधीच खरी होईना, धोक्याची सूचना कधीच जाईना. दोन रात्री जागलो, तेव्हा कुठे कळलं, की फक्त एक कंस हवा होता: '(फ्लॅग & मास्क) == 0'.

तीन ठिकाणचा कोड वाचवायला घेतलेला निर्णय पन्नास वर्षांनी माझी झोप घेऊन गेला. तेव्हापासून "नंतर बदलू" म्हणताना माझी जीभ अडखळते. तुम्हीही कंस टाकत जा, बाप्पा. भेटू पुढच्या भागात!