पंचवीस टोकांचा तारा

जर्मनीच्या अगदी पूर्वेला, पोलंड आणि झेक देशांच्या सीमा जेथे जवळ येतात तेथे, हेर्नहूट नावाचे एक लहानसे गाव आहे. नाताळच्या अगोदरचे चार रविवार तेथे विशेष मानले जातात. त्यांपैकी पहिला रविवार जवळ आला की घरोघरी माळ्यावरची एक पेटी खाली उतरवली जाते. पेटीत कागदी तारा असतो. पण तो अखंड नसतो. वर्षभर त्याची टोके सुटी, एकात एक बसवून ठेवलेली असतात. आई, वडील, मुले मेजाभोवती बसतात आणि एकेक टोक काढून ते जागच्या जागी बसवितात. कुणी मोजतो, कुणी धरतो, धाकट्याच्या हातून एखादे टोक चुरगळते आणि मोठी बहीण ते सरळ करते. तासाभराने आत दिवा लावून तारा दारात किंवा खिडकीत टांगला की नाताळचे दिवस सुरू झाले असे समजावयाचे.

महाराष्ट्रातील घराला हे दृश्य परके वाटण्याचे कारण नाही. दिवाळीच्या आधी बांबूच्या कामट्या तासून, दोऱ्याने त्यांचा सांगाडा बांधून, स्वयंपाकघरात शिजविलेल्या खळीने त्यावर रंगीत पातळ कागद चिकटवून आकाशकंदील करण्याची चाल येथे पिढ्यान् पिढ्या होती. वसईच्या ख्रिस्ती वस्तीतही नाताळात याच कामट्या नि याच कागदाचे तारे अंगणात लागत आले. कंदिलाच्या झिरमिळ्या कुणी कापावयाच्या यावरून भावंडांत जी भांडणे होतात, त्यांना धर्म वा देश नसतो.

हेर्नहूटच्या ताऱ्याची बांधणी मात्र साध्या कंदिलाहून अवघड आहे. त्याच्या पोटात जी घनाकृती असते तिला सव्वीस बाजू असतात : अठरा चौरस आणि आठ समभुज त्रिकोण. प्रत्येक बाजूवर एकेक निमुळता मनोरा बसवावयाचा. चौरसावरचा मनोरा चार अंगांचा, त्रिकोणावरचा तीन अंगांचा. वरचा एक चौरस टांगण्यासाठी आणि दिव्यासाठी मोकळा सोडावयाचा. म्हणून चार अंगांची सतरा आणि तीन अंगांची आठ मिळून टोके भरतात पंचवीस. हा हिशेब कुणा कारागिराच्या डोक्यातून निघालेला नाही. तो शाळेच्या फळ्यावरून आलेला आहे, आणि ती शाळा कोणाची होती हे कळले म्हणजे या घरगुती ताऱ्याकडे पाहण्याची दृष्टी थोडी पालटते.

१७२२ साली मोराविया प्रांतातून धर्मछळाला कंटाळून निघालेली काही कुटुंबे काउंट झिन्झेनडॉर्फ या सरदाराच्या जमिनीवर येऊन वसली. त्यांनी वसविलेले गाव तेच हेर्नहूट. सुतार, कुंभार, विणकर अशी ही माणसे. दहा वर्षांत, १७३२ मध्ये, त्यांनी आपले पहिले दोन धर्मप्रचारक वेस्ट इंडीज बेटांकडे पाठविले. त्यांतला एक कुंभार होता, दुसरा सुतार. पुढच्या वर्षी ग्रीनलंड. नंतर सुरिनाम, दक्षिण आफ्रिका, लॅब्राडोर. जेमतेम काही शे वस्तीच्या गावाने पृथ्वीच्या दोन्ही टोकांना माणसे धाडली, आणि ती माणसे तेथे संसार थाटून राहिली.

संसार म्हटला की मुले आली. या मुलांचे काय करावयाचे? विषुववृत्ताकडील ताप, ध्रुवाकडील थंडी, शाळांचा अभाव, आणि आपल्या रीतीभाती मुलांनी विसरू नयेत ही काळजी. मंडळीने यावर जो तोडगा काढला तो आजच्या आईबापांना ऐकवणार नाही. मूल सहासात वर्षांचे झाले की त्याला जहाजात बसवून युरोपात पाठवावयाचे. तेथे मंडळीच्या वसतिगृहांत ते वाढे, शिके, मोठे होई. आईबापांची भेट बहुधा दहा-पंधरा वर्षांनी. पुष्कळांच्या नशिबी ती नव्हतीच. लॅब्राडोरकडे मंडळीचे जहाज वर्षातून एकदाच जाई. मुलाने पाठविलेल्या पत्राचे उत्तर त्याच्या हाती येईपर्यंत त्याला अंगरखा आखूड झालेला असे.

हेर्नहूटहून फार दूर नसलेल्या नीस्की या गावी मंडळीची मुलग्यांची निवासी शाळा होती. १८२१ च्या जानेवारीत या शाळेने आपला पन्नासावा वाढदिवस साजरा केला, तेव्हा तेथे एकशे दहा टोकांचा एक मोठा तारा टांगण्यात आला होता. ताऱ्याच्या इतिहासातील हा सर्वांत जुना निश्चित दाखला. पुढील काळात भूमितीच्या तासाला शिक्षक मुलांकडून घनाकृती करवून घेत आणि त्यांच्या बाजूंवर कागदाचे मनोरे चढवून तारे बनत. आरंभीचे तारे पांढऱ्या आणि तांबड्या रंगांचे असत. कोन मोजावयाचा, रेघ आखावयाची, घडी अचूक घालावयाची, कडा चिकटवावयाची. हिवाळ्यात चारच वाजता अंधारणाऱ्या त्या प्रदेशात, आईचा चेहराही नीटसा न आठवणारी मुले एका मेजाभोवती बसून हे काम करीत. नंतर हीच मुले मोठी होऊन आपापल्या घरी गेली, त्यांची लग्ने झाली, आणि शाळेत शिकलेली ती रीत त्यांनी आपल्या मुलांना शिकविली. घरातून शाळेत गेलेल्या रूढी पुष्कळ आहेत. ही शाळेतून घरात आली. आणि तीही अशा शाळेतून, की जेथील मुलांना स्वतःचे घर दृष्टीआड झाले होते. हे योगायोगाने घडले असे म्हणवत नाही. ज्याला घर आहे त्याला सणाची तयारी आपोआप दिसते. ज्याला नाही, त्याला ती हाताने उभी करावी लागते.

याला आणखी एक साक्ष आहे. हॅम्बुर्गजवळ योहान हिनरिश विशर्न याने १८३३ साली गरीब आणि निराधार मुलांसाठी एक आश्रम काढला होता. नाताळ जवळ आला की मुले त्याला रोज विचारीत : आज आहे का? मग कधी? किती दिवस उरले? १८३९ साली विशर्नने लाकडाचे एक चाक टांगले, त्यावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि इतर वारांसाठी लहान तांबड्या मेणबत्त्या उभ्या केल्या, आणि रोज एक जास्त लावू लागला. ज्यांना अंक येत नव्हते त्यांनाही उजेड वाढलेला कळत होता. याच चाकापासून पुढे हिरव्या डहाळ्यांची आणि चारच मेणबत्त्यांची माळ झाली, आणि ती जर्मन घरांतून जगभर गेली.

सुखवस्तू घरातील मूल मात्र वाट कशी पाहते, तेही येथे सांगावयास हवे. मौलब्रोन येथील एका धर्मोपदेशकाच्या घरी गेरहार्ड लांग नावाचा मुलगा होता. त्याची आई पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चोवीस लहान गोड बिस्किटे लावून ठेवी आणि १ डिसेंबरपासून त्याला रोज एक काढू देई. हा मुलगा मोठेपणी म्युनिकमध्ये छापखान्याचा भागीदार झाला, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात त्याने आईच्या त्या पुठ्ठ्यावरून नाताळपूर्व दिनदर्शिका छापून विकावयास काढली. प्रथम रोज एक चित्र कापून चिकटवावयाचे असे. उघडणारी इवलीशी दारे नंतर आली. आईने स्वयंपाकघरात केलेली वस्तू मुलाने छापखान्यात नेली, यात वाईट काही नाही. पण आता चोवीस दारांआड काय आहे हे कारखान्याला ठाऊक असते, आईला नसते. एवढा फरक पडला हे खरे.

ताऱ्याचेही असेच झाले. नीस्कीच्या शाळेतील एक माजी विद्यार्थी पीटर फेरबेक याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेर्नहूटला तारे करून विकण्यास सुरुवात केली. एका पत्र्याच्या सांगाड्यात कागदी टोके सरकवून बसवावयाची अशी त्याची योजना होती. १९२५ साली सांगाड्यावाचून टोके एकमेकांना जोडण्याची युक्ती निघाली. पूर्व जर्मनीच्या साम्यवादी राजवटीत हा उद्योग सरकारकडे गेला आणि पुढे मंडळीकडे परत आला. या सर्व उलाढालींत एक गोष्ट मात्र कुणी बदलली नाही. घरी नेणाऱ्याला कागदी तारा आजही सुट्या भागांत मिळतो, तो जोडलेला मिळत नाही. दुकानदाराला हे सोयीचे म्हणून असेल. पण त्यामुळे मेजाभोवतीचा तो तासभर शिल्लक राहिला. २०२४ साली जागतिक वारसा समितीची बैठक नवी दिल्लीत भरली होती, तीत हेर्नहूट गावाची वारसास्थळ म्हणून नोंद झाली.

हेर्नहूटचा आणि हिंदुस्थानचा संबंध मात्र त्या बैठकीपेक्षा कितीतरी जुना आणि अधिक जिव्हाळ्याचा आहे. ज्या मुलांना सहासात वर्षांचे असताना जहाजात बसविले जाई, त्यांच्यापैकी एक मारिया हार्टमान. तिचा जन्म १८३७ चा, सुरिनाममधला. आईबाप दोघेही तेथे धर्मप्रचारक. ती लहानपणीच जर्मनीला गेली. वडील १८४४ साली वारले. आई युरोपला परतली नाही. जंगलातील वस्त्यांमध्ये काम करीत राहिली आणि १८५३ मध्ये तिकडेच निवर्तली. मारियाला वाढविले ते मंडळीच्या शाळेने. १८५९ साली बाविसाव्या वर्षी ती हिंदुस्थानात आली ती विवाहासाठी. आणि ज्याच्याशी विवाह ठरला होता त्याला तिने पूर्वी पाहिलेही नव्हते. त्याचे नाव विल्हेल्म हायडे. एडुआर्ड पागेल नावाच्या सोबत्याबरोबर त्याने १८५६ साली हिमालयातील लाहौल खोऱ्यात कीलाँग येथे ठाणे घातले होते. मंगोलियाला जाण्यासाठी निघालेली ही दोन माणसे वाट बंद असल्यामुळे तेथे थांबली आणि तेथलीच झाली.

कीलाँग दहा हजार फुटांहून उंच. कुलूकडून तेथे जावयाचे तर तेरा हजार फुटांचा रोहतांग घाट चढावा लागे, आणि हिवाळ्यात बर्फ पडले की तो घाट महिनोन् महिने बंद. शेते बर्फाखाली, गुरे गोठ्यात, माणसे घरात. मेंढ्यांची लोकर घरोघर होती. ती कातण्याची, मागावर कापड विणण्याची कला लाहौलच्या लोकांना उत्तम अवगत होती. सुयांवर मोजे विणण्याची रीत मात्र नव्हती. मारिया हायडेने मुलींना आणि स्त्रियांना एकत्र बसवून ती शिकविली. या विणकामाच्या शाळेत अक्षरओळखही होई. सणासुदीच्या सुट्टीतले कौतुकाचे काम म्हणून जे जर्मन घरांत चाले, ते येथे पोटापाण्याच्या उपयोगी पडले. कारण उन्हाळ्यात घाट उघडला की मोजे खाली कुलूकडे विकता येत.

धर्मप्रचारकांच्या मूळ हेतूला लाहौलने फारशी दाद दिली नाही. चाळीस वर्षे खपूनही कीलाँगची ख्रिस्ती वस्ती मूठभरच राहिली, आणि लोक आपल्या बौद्ध व हिंदू रीतींप्रमाणेच चालत राहिले. त्यांनी पारखून घेतले ते विणकाम. उपदेश बाजूला सारून सुया तेवढ्या उचलणाऱ्या त्या स्त्रियांच्या व्यवहारबुद्धीचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. पुढे त्यांनी त्यात आपले रंग आणि आपल्या आकृती घातल्या, त्या इतक्या की हे मोजे मुळात परदेशी हे सांगूनही पटू नये.

मारिया हायडेच्या घरात काय चालले होते? तिला मुले झाली. काही त्या खोऱ्यातच दगावली; दवाखाना नाही, वाट नाही, अशा ठिकाणी दुसरे काय व्हावयाचे? जी जगली त्यांना, आपल्याला पाठविले होते तसेच, तिने जर्मनीला शाळेत पाठविले. स्वतः ज्या दुःखातून गेली तेच तिने आपल्या मुलांच्या वाट्याला दिले, याचा उलगडा कसा करावयाचा? मंडळीची शिस्त म्हणावी, की दुसरा मार्गच दिसत नव्हता म्हणावे? ती रोजनिशी ठेवीत असे आणि ती रोजनिशी उपलब्ध आहे. त्यात घरकाम, हवा, शिवणटिपण, येणारीजाणारी माणसे यांच्या नोंदी एकामागून एक येतात. सुमारे चार दशके ती दोघे कीलाँगला राहिली आणि १८९८ मध्ये तेथून निघून दार्जिलिंगजवळ घूम येथे गेली. १९०३ साली त्यांनी हिंदुस्थान सोडला.

कीलाँगचे ते ठाणे आता नाही. १८८५ साली लेह येथे सुरू झालेली मंडळी मात्र अद्याप आहे. २०२० च्या ऑक्टोबरात रोहतांगखालून नऊ किलोमीटरांचा बोगदा खुला झाला, तेव्हापासून लाहौलचा हिवाळा पूर्वीसारखा कोंडलेला राहिला नाही. त्याच्या पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, लाहौलच्या विणलेल्या मोज्यांना आणि हातमोज्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. शेतीची कामे उरकून बर्फ पडू लागले की तेथील स्त्रिया अजूनही चुलीजवळ बसून ते विणतात, आणि शेजारी बसलेल्या मुलींना टाके मोजावयास शिकवितात.